स्कोप आहे का?

पदवीचे निकाल लागायला लागले की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. कुणाची तरी मुलगी, कुणाचा तरी पुतण्या, शेजारच्या काकूंच्या भिशीतल्या मैत्रिणीचा मुलगा. "तुम्ही पर्यावरणात आहात ना? त्याला स्कोप आहे का हो?"

'पर्यावरणात आहात' हे शब्द ऐकले की मला दरवेळी हसू येतं. पर्यावरणात आपण सगळेच आहोत! पण प्रश्नाचा रोख कळतो. पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मला आता वीस वर्षं होऊन गेली. आधी लॅब, मग कन्सल्टन्सी असा प्रवास झाला. त्यामुळे नातेवाइकांच्या यादीत माझ्या नावापुढे 'पर्यावरण' असं लिहिलेलं आहे, जसं दुसऱ्या कुणापुढे 'दातांचे डॉक्टर' लिहिलेलं असतं.

यंदा मात्र फोन जवळचा होता. माझ्या मावसबहिणीची मुलगी. साताऱ्याला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली, मार्क चांगले. तिला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायचंय आणि घरच्यांना वाटतं की ॲनालिटिकल केमिस्ट्री करावं, फार्मा कंपनीत लगेच चिकटता येतं. भावोजींची नोकरी साधी आहे, धाकटा भाऊ अजून शिकतोय. दोन वर्षं पुण्यात राहायचा खर्च चेष्टा नव्हे. ती म्हणाली, "मावशी, घरचे ऐकणार नाहीत तसं नाही. पण तू मला खरं सांग, मग मी ठरवते."

खरं सांग म्हटल्यावर पाच मिनिटांत उत्तर देता येईना. तिला जे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते इथे एकत्र लिहून काढतेय. पुढच्या वर्षीच्या फोनवाल्यांनाही उपयोगी पडेल.

पहिली अडचण अशी की पर्यावरणाचा अभ्यास म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येकालाच वाटतं. कारण तो सगळ्यांनीच 'केलेला' असतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली निकाल दिला की शाळा-कॉलेजात पर्यावरण हा विषय सक्तीचा करा. अंमलबजावणी रेंगाळली. मग २००३ मध्ये न्यायालयानं पुन्हा कान उपटले आणि यूजीसीनं सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी. हे गृहस्थ व्यवसायानं सर्जन, आणि आयुष्य घातलं जंगलांत आणि पर्यावरण शिक्षणात. पुस्तक चांगलं आहे. पण आपल्याकडे त्या पेपरचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. कॉमर्सचा मुलगा आदल्या वर्षीच्या मुलाची जर्नल उतरवून काढतो, कव्हरवर हिरव्या पृथ्वीचं चित्र चिकटवतो आणि सुटतो. पुढे आयुष्यभर त्याच्या डोक्यात पर्यावरण म्हणजे ती हिरवी पृथ्वी.

एम.एस्सी.चं प्रकरण अगदी निराळं असतं. आमच्या वर्गात बॉटनीवाले, झूलॉजीवाले, केमिस्ट्रीवाले, दोघं जिऑलॉजीवाले असे सगळे होते. पहिलं सेमिस्टर प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या पेपरला गांगरलेला. मला झाडं ओळखता येत नव्हती, बॉटनीवाल्यांना टायट्रेशनची धास्ती.

त्यातलं एक प्रॅक्टिकल मला अजून लख्ख आठवतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली असते, बुडबुडा आत राहू न देता काठोकाठ भरायची. नदीवरच त्यात मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली-आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. हे सगळं जागेवरच करायचं, कारण बाटली तशीच लॅबमध्ये नेली तर वाटेत आतले जिवाणू ऑक्सिजन खात राहतात आणि लॅबमध्ये तुम्ही मोजता ते नदीचं पाणी राहत नाही. आम्ही खडकवासल्याहून सुरुवात करून मुठेच्या काठानं खाली आलो. वरच्या बाटलीत दाट तपकिरी साका. शहराच्या खालच्या अंगाला, एप्रिलच्या उन्हात घेतलेल्या शेवटच्या बाटलीत तो जवळजवळ पांढरा. ऑक्सिजन नसला की तो पांढराच राहतो. आकडा नंतर निघाला, पण आमच्यातलं कुणी काही बोललं नाही. नदी मेली आहे वगैरे वाक्यं पेपरात खूप वाचली होती. ती बाटली हातात धरल्यावर ती वाक्यं किती ढोबळ होती ते कळलं.

मोजणं शिकणं हा या शिक्षणाचा कणा आहे, असं मी भाचीला सांगितलं. कुठे मोजलं, किती वाजता, कुठल्या ऋतूत, हे लिहिलेलं नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही. बीओडी आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवून मोजतात. म्हणजे गुरुवारी लावली की रविवारी बघायला लागते. त्यामुळे गुरुवारी बीओडी लावायची नाही हा लॅबमधला पहिला अलिखित नियम! हसण्यावारी नेऊ नका, अशा साध्या गोष्टी ठाऊक असलेल्या मुलामुलींना नोकरीत पहिल्या आठवड्यात ओळखता येतं.

आता नोकऱ्यांचं. इथे मात्र मी जरा रुक्ष बोलणार आहे.

या क्षेत्रातली बहुतेक नोकरी कुठल्या ना कुठल्या कायद्याच्या कलमातून जन्माला येते. आपल्या राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली आलं. देशाचा पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली १९९४ मध्ये ईआयएची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याची, अधिसूचना निघाली आणि २००६ मध्ये तिच्या जागी नवी आली. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामालाही पर्यावरण मंजुरी लागू लागली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या गृहसंकुलांत जो एसटीपी असतो आणि जो चालवायला माणूस ठेवतात, त्या माणसाचा पगार अशा अटींमधून आलेला असतो. सेबीनं २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर अहवाल सक्तीचा केला, आणि कालपर्यंत 'पर्यावरण' म्हटल्यावर जांभई देणाऱ्या कंपन्यांना एकदम पाणी, वीज, कचरा यांचे हिशेब ठेवणारी माणसं हवीशी झाली.

म्हणून ज्याला करिअर करायचंय त्यानं कायदा केमिस्ट्रीइतक्याच बारकाईनं वाचावा. राजपत्रातल्या अधिसूचना कंटाळवाण्या असतात, कबूल. पण आपली भाकरी कुठून येते ते त्यात लिहिलेलं असतं.

लॅब, कन्सल्टन्सी, कारखान्यातला ईटीपी आणि पर्यावरण विभाग, मंडळ आणि महापालिका, संशोधन आणि अध्यापन, स्वयंसेवी संस्था. ढोबळमानानं एवढ्या वाटा. शिकवायचं असेल तर यूजीसी नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. गेटमध्ये २०२१ पासून 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंग'चा पेपर आहे. सरकारी जाहिराती मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा, काही पदांना इंजिनिअरिंगचीच पदवी लागते. आणि एक गंमत (की चीड?) सांगते. केंद्राच्या भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत जे विषय चालतात त्यांच्या यादीत वनस्पतिशास्त्र आहे, प्राणिशास्त्र आहे, रसायन, भूगर्भ, गणित, संख्याशास्त्र आहे, शेती आणि इंजिनिअरिंगही आहे. पर्यावरणशास्त्र नाही! पदवीलाच निव्वळ पर्यावरणशास्त्र घेणाऱ्यानं हे आधी बघून ठेवावं. भाचीची पदवी केमिस्ट्रीची, त्यामुळे तिचं ते दार उघडं आहे.

कन्सल्टन्सीत जायचं तर नॅबेटची मान्यता हा प्रकार समजून घ्यावा लागतो. ईआयए करणाऱ्या संस्थेला ती लागते, आणि त्यात हवा, पाणी, आवाज, जैवविविधता, भूजल, सामाजिक-आर्थिक बाजू असे बारा कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्याचा तज्ज्ञ म्हणून नाव लागायला अनुभवाची वर्षं लागतात. सुरुवातीला आपण त्या तज्ज्ञाची बॅग उचलतो. पगारही बेताचाच. फार्मात गेलेले वर्गमित्र पहिली काही वर्षं आपल्यापुढे असतात, हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची तर मला माझ्या पहिल्या नोकरीचं सांगावं लागलं.

एक छोटी लॅब होती. आम्ही कारखान्यांचे, हॉटेलांचे सांडपाण्याचे नमुने तपासायचो. एका कारखान्याच्या ईटीपीतून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी ४६ आली. त्यांच्या संमतीपत्रात मर्यादा ३०. मी पुन्हा लावून पाहिली, तेवढीच. रिपोर्ट जायच्या आधी त्यांच्या मॅनेजरचा फोन. आवाज अतिशय गोड. "मॅडम, तेवढं तिशीच्या आत बसवा की. सगळ्यांचंच बसतं."

आमचे सर साठीचे, जुन्या वळणाचे केमिस्ट. मला वाटलं आता भाषण ऐकायला मिळणार. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आकडा आहे तोच जाईल. पण तू उद्या तिथे जाऊन ये. का येतोय ते बघ."

गेले. ईटीपीचा ऑपरेटर विशीतला पोरगा होता. अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यानं सांगितलं की हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवायला सांगतात. वीज वाचते. टाकीतले जिवाणू रात्रभर गुदमरणार आणि सकाळी पाणी तसंच पुढे जाणार. मी आकड्यासोबत एक पान जोडलं: ब्लोअर सलग चालवा, अमुक दिवसांनी पुन्हा नमुना घ्या. सरांनी सही केली.

पुढच्या तिमाहीला त्या कारखान्याचा नमुना आमच्याकडे आलाच नाही. दुसऱ्या लॅबकडे गेला असणार. त्यांच्या ओळखीचे आणखी दोन ग्राहकही गेले. लॅब लहान, तेव्हा त्याची झळ बसली. त्या दिवाळीत आम्हाला बोनस मिळाला नाही. आणि ब्लोअर पुढे रात्री चालू राहिला की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

हे ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे खरं लिहून काही झालंच नाही?"

प्रश्न रास्त होता. तिला मी गुजरातचं उदाहरण दिलं. तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ पासून कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट सक्तीचं आहे. ऑडिटर बाहेरचा, पण त्याला निवडणार आणि पैसे देणार तो कारखानाच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर दोन वर्षं एक प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. (यातल्या डुफ्लोबाईंना २०१९ साली नोबेल मिळालं, ते दुसऱ्या व्यापक कामासाठी.) नेहमीच्या पद्धतीत ऑडिटरांचे आकडे मर्यादेच्या अगदी खाली, एकाला एक चिकटून बसलेले होते. आमच्या गोड आवाजाच्या मॅनेजरच्या भाषेत, सगळ्यांचे 'बसलेले'. मग काही कारखान्यांसाठी नियम बदलले. ऑडिटर चिठ्ठ्या टाकून नेमायचा, पैसे सामाईक निधीतून ठरावीक द्यायचे, आणि काहींच्या मोजणीची दुसऱ्याकडून फेरतपासणी करायची. दुसऱ्या वर्षी अचूक मोजण्यासाठी जादा मोबदलाही ठेवला. माणसं तीच, यंत्रं तीच. आणि प्रदूषण मर्यादेत असल्याचं खोटं लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही कमी केलं.

मला हा निष्कर्ष वाचून फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आमच्या लॅबचं जे झालं ते सरांच्या स्वभावामुळे झालं नव्हतं आणि बाकीच्या लॅबवाल्यांच्या नीतिमत्तेचंही ते मोजमाप नव्हतं. जो आपल्याला मोजणार त्याला आपणच पैसे द्यायचे, ही व्यवस्थाच तशी लावलेली होती. आणि लावलेली व्यवस्था बदलता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम काढले, त्यात नोंदणीकृत लेखापरीक्षक नेमून देताना यादृच्छिक पद्धत वापरायची तरतूद आहे. प्रत्यक्षात कसं उतरतं ते बघायचं. पण ते काम ज्यांना करायचंय ती मुलं आज एम.एस्सी.ला प्रवेश घेत असतील. ईआयएत मात्र कन्सल्टंटला पैसे प्रकल्पवालाच देतो. तिथे अजून प्रत्येकाला आपापला ब्लोअर आणि आपापले सर शोधायचे आहेत.

दुसरी एक गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात नीट शिकवत नाहीत, ती म्हणजे मराठीत लिहिणं. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी होते, तेव्हा ईआयएचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. हा सारांश बहुधा शेवटच्या दोन दिवसांत कुणाकडून तरी करून घेतला जातो. त्यात 'सभोवतालच्या वायुगुणवत्तेतील सूक्ष्म कणीय पदार्थांची संहती' असली वाक्यं असतात. ज्यांच्या गावात धूळ उडणार, त्यांना तीच वाचून हरकत घ्यायची असते!

कन्सल्टन्सीत नवीन असताना कोकणातल्या एका सुनावणीला मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मांडव, माइक, जिल्हाधिकारी कार्यालयाचे साहेब, पोलीस, सगळा थाट. दोन तास भाषणं झाली. मग एक आजी उठल्या. त्यांनी विचारलं, "आमच्या बावीचं पाणी तुम्ही मोजलंत म्हणता, ते कुठल्या महिन्यात?" बाव म्हणजे विहीर. रिपोर्टमध्ये 'भूजल पातळी' होती, बाव कुठेच नव्हती. उत्तर दिलं गेलं, डिसेंबर ते फेब्रुवारी. नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एका ऋतूचं मोजमाप चालतं. आजी म्हणाल्या, "तेव्हा असतंच की पाणी. मे महिन्यात या, मग कळेल आम्हाला किती पुरतं ते."

माझ्या व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. तो इतिवृत्तात नोंदला गेला, आणि सुनावणीतल्या मुद्द्यांची उत्तरं अंतिम अहवालात द्यावी लागत असल्यामुळे मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. बहुतेक बावींचा तळ दिसत होता. ते आकडे रिपोर्टमध्ये गेले. त्या प्रश्नाआधी ते कुणी मागितलेच नव्हते.

तर, तयारी काय करायची? भाचीला मी पाठवलेली यादी फार मोठी नाही. संख्याशास्त्र टाळू नको, आकडा मोजण्याइतकंच तो किती खात्रीचा हे सांगता यायला हवं. क्यूजीआयएस फुकट आहे, पहिल्या सुट्टीत शिकून घे. दोन्ही उन्हाळे घरी घालवू नको, एक लॅबमध्ये आणि एक एखाद्या ईटीपीवर घालव. ऑपरेटरशी बोलायला शिक. आपल्या तालुक्यातली पन्नास झाडं मराठी नावानिशी ओळखता यायला हवीत. एक अधिसूचना पूर्ण, परिशिष्टांसकट वाच. आणि प्रत्येक प्रोजेक्टचं एक पान अशा मराठीत लिही की ते आजीला वाचून दाखवता येईल.

पैशाचंही बोललो. पुण्याचा खर्च, वसतिगृह, शिष्यवृत्तीच्या तारखा. भावोजींशी मी वेगळं बोलले. त्यांना सांगितलं की हिची केमिस्ट्री कुठे जात नाही. लॅब दोन्हीकडे लागतेच, आणि नाहीच जमलं तर फार्माची वाट दोन वर्षांनीही राहील, थोडी लांबून. मुलगी ऑफिसातच बसेल अशी मात्र खात्री देत नाही, उन्हातान्हात फिरेल. ते म्हणाले, "फिरू दे हो. पण कोणी फोन करून आकडा बदल म्हटलं तर हिनं काय करायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, आणि मी तसं त्यांना सांगितलं. पहिली नोकरी शोधताना पगाराबरोबर सही कोण करतं तेही बघायचं, एवढं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. इंटरव्ह्यूमध्ये विचारता येतं ते. "मर्यादेच्या वर आकडा आला तर तुमच्याकडे पुढे काय करतात?" समोरचा माणूस या प्रश्नावर चिडला की समजायचं.

प्रवेशाचा अर्ज तिनं परवा भरला. यादी लागायची आहे.